मडगार्डाची दुमड

माझं वजन त्या काळात फारच चांगलं होतं, म्हणजे जवळजवळ नव्हतंच. लग्नाला दोन वर्षं झाली तरी जावई अंगानं भरत नाही म्हणून सासूबाई काळजीत असायच्या, पण आमचे घरमालक माझ्यावर बेहद्द खूष होते. त्यांच्या गाडीत मागे डाव्या बाजूला बसायची परवानगी अख्ख्या गल्लीत ज्या मोजक्या लोकांना होती, त्यांत माझा नंबर पहिला होता. भाडेकरू म्हणून आपल्यावर लोभ असेल असं मला आधी वाटायचं. लोभ होता तो माझ्या बरगड्यांवर, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

अंधेरीला पूर्वेच्या बाजूला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, एका गल्लीत त्यांचं एकमजली घर होतं. खाली मालक आणि काकू, वर मी आणि माझी बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. मालक फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि माणसाला त्याच्या जागेवरून ओळखायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. मला ते ‘वरचे’ म्हणत. शेजारच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना ‘पलीकडचे’ म्हणत. आम्ही तिथे राहत होतो तेवढ्या वर्षांत माझं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. काकूंना तर ते काहीच म्हणत नसत. नुसतं "ऐकलं का" म्हणायचे, आणि काकूंनी ऐकलंय की नाही याची वाट न बघता पुढचं बोलायला लागायचे.

गाडी जुनी, इंग्रजी बनावटीची, काळी आणि अंगानं लहानशी होती. त्या दिवसांत नव्या गाडीसाठी नंबर लावला तर मुलाच्या मुंजीला लावलेला नंबर त्याच्या लग्नाला यायचा. तेव्हा जुनी का होईना, दारात गाडी असणं ही मोठीच गोष्ट होती. गाडी उत्तम चालत होती हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं कुणाला वाटणार नाही. चालत्या गाडीला मालकांनी हात लावला तो टायरांमुळे.

टायर त्यांनी लिलावात घेतले. लष्करानं मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव होता आणि मालक तिथे, त्यांच्याच शब्दांत, "नुसतं बघायला" गेले होते. येताना मागून हातगाडी आली आणि तिच्यावर चार टायर, चाकांसकट. ते मूळचे कशाचे होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. मालक म्हणायचे जीपचे, पलीकडचे म्हणायचे तोफेचे. रुंदीला ते गाडीच्या टायरांच्या दीडपट होते. योगायोग असा की चाकांची भोकं गाडीच्या बोल्टांना बरोबर जुळली. ती जुळली नसती तर त्या टायरांत कुणी झेंडूची रोपं लावली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"पण मालक," मी म्हटलं, "हे तर मडगार्डाच्या बाहेर येतायत. बसणार कसे?"

"टायर बरोबर आहेत, वरचे," मालक म्हणाले. "मडगार्ड चुकलंय."

त्यांच्या विचाराची ही रीतच होती. आपण आणलेली वस्तू बरोबर, बाकीच्या जगानं जरा सरकून घ्यावं. पूर्वी एकदा त्यांनी कपाट आणलं होतं, ते दारातून आत जाईना. दुसऱ्या कुणी कपाट बदलून आणलं असतं. मालकांनी दाराची चौकट तासली. कपाट आत गेलं आणि ते दार त्यानंतर कधीच नीट लागलं नाही. वाऱ्यापावसाचं ते उघडू नये म्हणून काकू त्याला आतून पाटा टेकवून ठेवायच्या.

गॅरेजमध्ये गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता. "गॅरेजवाला गाडी दुरुस्त करत नाही, परत येईल अशी करतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही गॅरेजवरून जाताना ते मला त्यांच्या आवाजात ऐकू येतं. तेव्हा मडगार्डं घरीच रुंद करायची असं ठरलं. ठरवलं त्यांनी एकट्यानं, पण सोसलं सगळ्या गल्लीनं. दर रविवारी सकाळी पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि गंजिफ्रॉक घालून मालक अंगणात उतरायचे, विटांवर चढवलेल्या गाडीशेजारी पोतं अंथरून बसायचे आणि ठोकाठोक सुरू व्हायची. आमच्या चहाच्या कपबशा वरच्या मजल्यावर आपोआप वाजायच्या. रविवारी उशिरापर्यंत झोपण्याचं सुख मला त्या घरात लाभलं नाही.

काम असं होतं. मूळच्या मडगार्डाची बाहेरची कड पत्रा कापायच्या कात्रीनं कापायची, तिथे नव्या पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून जोडायची, पट्टी बाहेरच्या बाजूला गोल फुगवायची, सांधे बुजवायला वरून लांबी भरायची आणि घासून रंग द्यायचा. पत्रा कुठून आणायचा? घरात तांदूळ साठवायची मोठी पत्र्याची कोठी होती. तांदूळ गोणीत गेले आणि कोठी मडगार्डात गेली. पत्र्याला गोलाई द्यायला काहीतरी गोल आणि दणकट हवं होतं, तर काकूंचं तांब्याचं घंगाळ होतं. त्याच्यावर पत्रा ठोकून ठोकून मालकांनी मडगार्डाला आकार आणला आणि घंगाळाचा घालवला. काकू त्या घंगाळात पाणी घ्यायच्या तेव्हा ते एका बाजूला कलायचं.

"गाडी होऊ दे एकदा," काकू माझ्या बायकोला म्हणायच्या. "मला फार काही नको गं. एकदा मुलुंडला भावाच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचंय, बास. दोन बस बदलून, घामाघूम होऊन जाते मी दर वेळेला. भावजय दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते, जशी काय मी शेतावरनं आलेय."

ही त्यांची एकच मागणी होती आणि ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. कोठी गेली, घंगाळ गेलं, तरी त्या तक्रार करत नसत ती याच आशेवर. गाडी विटांवर उभी होती त्या काळात टपावर धुतलेली चादर पसरून त्यांनी कुरडयाही वाळवून घेतल्या. कुरडया छान झाल्या होत्या. त्या गाडीनं तोपर्यंत केलेलं ते एकमेव उपयोगाचं काम.

एकेक मडगार्ड व्हायला कित्येक महिने लागले. वर्सोव्याहून टोपली घेऊन येणारी कोळीण गेटाशी थांबून बघायची. तिसरं मडगार्ड फुगलं तेव्हा तिनं मान हलवली. "काय ओ शेट, गाडीला गालगुंड झालंय काय?"

मालकांनी तिच्याकडून दोन आठवडे मासळी घेतली नाही. खरं तर तिचं निदान अचूक होतं.

उजव्या बाजूची दोन मडगार्डं आधी झाली, म्हणून ती जरा ओबडधोबड होती. पुढचं डावं बरं होतं. मागचं डावं मडगार्ड शेवटचं. तोपर्यंत मालकांचा हात बसला होता आणि त्यांनी त्यात जीव ओतला. त्याची खालची कड त्यांनी आतल्या बाजूला दोन बोटं दुमडली. एवढी एकसारखी, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं तर कुठे अडकत नसे. अडचण इतकीच की ती दुमड बाहेरून दिसत नसे. बघायची तर जमिनीवर आडवं पडून खालून बघावी लागे. मालक आल्यागेल्याला आडवं पाडायचे. मी पडलो, पलीकडचे पडले, विम्याचा हप्ता मागायला आलेला एजंट इस्त्रीच्या पँटीत पडला. "काय दुमड आहे!" असं उठून म्हणावं लागे. आम्ही म्हणायचो आणि पाठ झटकायचो.

मालक सगळं बोटांनी मोजत. फूटपट्टी घरात होती, पण पट्टी हरवते आणि बोटं हरवत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. टायर आणि मडगार्डाची कड यांच्यामध्ये त्यांनी दोन बोटांची जागा ठेवली, चारही चाकांना, पुन्हा पुन्हा मोजून. "आधी मोजायचं, मग बोलायचं, वरचे." मोजलं त्यांनी बरोबर. फक्त रिकामी गाडी मोजली. गाडीत माणसं बसतात, माणसांना वजन असतं आणि वजनानं स्प्रिंगा दबून गाडी खाली बसते, हे त्या दोन वर्षांत त्यांच्या मनात आलं नाही. आमच्याही आलं नाही. दोन वर्षं आम्ही त्या गाडीकडे कुरडया वाळवायची जागा म्हणूनच बघत होतो.

दसऱ्याला गाडी बाहेर काढायची ठरलं. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. काकूंनी जरीची साडी नेसली होती, गाडीला ओवाळलं आणि श्रीखंडाचा डबा घेऊन त्या मागे डाव्या बाजूला बसल्या. अर्थातच मुलुंडला जायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की दोन वर्षांच्या ठोकाठोकीबद्दल मी मालकांना त्या क्षणी माफ करून टाकलं. मालकांनी गाडी सुरू केली, लिंबं फुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखालून जाणारी मोरी होती आणि तिच्यावर रस्त्याला उंचवटा होता. गाडी त्याच्यावरून गेली मात्र, खर्रर्र असा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास सुटला.

मालक उतरले, फिरून बघितलं, पुन्हा बसले. पुन्हा खर्रर्र. पुन्हा उतरले. मग मागचं दार उघडून म्हणाले, "ऐकलं का, जरा उतर बघू."

काकू डबा घेऊन उतरल्या. मालकांनी एकट्यानं गाडी पुढे नेली, मागे आणली. आवाज नाही. काकूंना बसवलं, खर्रर्र. उतरवलं, शांत. असं दोन-तीनदा झालं. सगळी गल्ली बघत होती. शेवटी मालकांचा चेहरा उजळला.

"सापडलं!" ते ओरडले.

आम्हाला वाटलं, आता दुमडीचं बोलतील. ते काकूंकडे बोट दाखवत म्हणाले, "वजन!"

काकू भरल्या अंगाच्या होत्या हे खरं, पण अख्ख्या गल्लीत आजवर तो कुणाला दोष वाटला नव्हता. त्यानंतर जे झालं ते मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मला खोटं वाटलं असतं. श्रीखंडाचा डबा गाडीतून गेला, कारण डब्याचं वजन चालत होतं. काकू जरीच्या साडीत बसस्टॉपवर गेल्या. मुलुंडला भाऊ धावत बाहेर आला, बहिणीसाठी त्यानं कौतुकानं मागचं दार उघडलं, तर सीटवर डबा. काकू तासाभरानं पोचल्या आणि भावजय तांब्या घेऊन उभी होती. हे काकूंनीच आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना खूप हसल्या. हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला मालकांचा फार राग आला.

मग काकूंना बसवायचं कुठे, याची रीतसर चौकशी झाली. पुढे बसल्या तर वळणावर पुढचं चाक घासत होतं. मागे उजव्या बाजूला बसल्या तर मालकांचं स्वतःचं वजन त्याच बाजूला, त्यामुळे तिकडेही घासत होतं. स्वतःचं वजन मालकांनी दोषांत धरलं नाही, कारण गाडी कुणीतरी चालवायला हवीच. उरली मागची डावी बाजू, आणि तिथे ती दोन बोटं दुमड. पलीकडच्यांनी सांगितलं, कोळणीनं सांगितलं, मी तर दर रविवारी सांगत होतो, की मालक, आतली दुमड कापून टाका, एका सकाळचं काम आहे.

"आणि पत्र्याची कड उघडी टाकू?" मालक म्हणाले. "त्यापेक्षा कॉलर नसलेला शर्ट घालून कचेरीत जाईन, वरचे."

"पण ती कुणाला दिसते?"

"मला माहीत आहे ना ती तिथे आहे."

दुमड कापायच्याऐवजी त्यांनी काकूंना रात्रीचा भात सोडायला सुचवलं. काकूंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. "तांदळाची कोठी गाडीला लावलीत, आता तांदूळही लावा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला.

पुढे गाडीत बसण्याचे नियम झाले. स्टेशनवर वजनाचं यंत्र असायचं, नाणं टाकलं की आतून वजन छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड पडायचं. ज्याला गाडीत बसायचं असेल त्यानं ते कार्ड दाखवायचं. कार्डाच्या मागे भविष्य छापलेलं असे. मालक भविष्याकडे बघतसुद्धा नसत, त्यांना आकडा पुरे होता. मी कार्ड दिलं की ते वाचून म्हणायचे, "शाब्बास." परीक्षेत पहिला आलो तेव्हाही मला कुणी इतक्या मनापासून शाब्बास म्हटलं नव्हतं.

एका रविवारी आरे कॉलनीत जायचं ठरलं. मी मागे डावीकडे, माझी बायको उजवीकडे, तीही तेव्हा काटकुळी होती. मालक पुढे. काकू थालीपिठं, दही आणि सतरंजी घेऊन बसनं येणार होत्या. मालक मोटार चालवायचे ती कचेरीतली फाईल पुढे सरकावी तशी. झाडीतल्या रस्त्यावर मागून बस आली आणि आम्हाला मागे टाकून गेली. बसच्या खिडकीत काकू होत्या. मांडीवर डबा, काखेत सतरंजी. त्यांनी आम्हाला हात केला. मालकांनीही उत्साहानं हॉर्न वाजवला.

आम्ही पोचलो तेव्हा सतरंजी अंथरून झाली होती. मालक उतरल्या उतरल्या म्हणाले, "ऐकलं का, एकदाही घासली नाही! झकास आली!"

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि त्यांना थालीपीठ वाढलं.

येताना माझी बायको गाडीत बसली नाही. "मी काकूंबरोबर बसनं येते," ती मला म्हणाली, "तू बस त्या म्हाताऱ्याच्या गाडीत, तुला शाब्बास म्हणतो ना तो." मी बसलो. वाटेत मालकांनी मला विचारलं, "वरच्या का नाही आल्या? वजन वाढलंय काय?" ते चेष्टा करत नव्हते.

आता मला हे सगळं विनोदी वाटतं, आणि मालक गेल्यावर आम्ही जुने शेजारी भेटलो की हसून हसून सांगतोही. पण हे सांगायला हवं की ते दुष्ट नव्हते. काकूंना दमा उसळला की रात्र रात्र त्यांची पाठ चोळत बसायचे. बाजारातून त्यांना आवडतात म्हणून कळ्या न उमललेले मोगऱ्याचे गजरे निवडून आणायचे. फक्त आपण केलेलं एखादं काम चुकलंय, हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. त्यांच्या डोक्याचं दारही त्यांनी कपाटाच्या मापानं तासलं असावं.

असे दोन पावसाळे गेले. एका भाद्रपदात काकूंना ताप आला, तो उतरेचना. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला आणि इस्पितळात हलवा म्हणाले. मालकांनी घाईघाईनं गाडी दाराशी आणून लावली, मागचं दार उघडून उभे राहिले. माझ्या बायकोनं काकूंना धरून पायरीपर्यंत आणलं. काकूंनी गाडीकडे बघितलं आणि पायरीवरच बसल्या.

"टॅक्सी बोलवा," त्या म्हणाल्या.

"टॅक्सी कशाला? गाडी आहे ना दारात," मालक म्हणाले.

"वाटेत घासली तर तुम्ही मला उतरवाल."

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. काकू उत्तम टोमणे मारायच्या आणि मालकांना ते उत्तम झेपायचे. पण त्या तापात होत्या आणि त्यांना खरोखर तशी भीती वाटत होती. मालक उघड्या दाराला धरून उभे राहिले. मी नाक्यावर पळत जाऊन टॅक्सी आणली. काकू आणि माझी बायको टॅक्सीत बसल्या. मालक गाडी घेऊन टॅक्सीच्या मागे निघाले आणि मी त्यांच्या शेजारी बसलो. मागची सीट रिकामी. सबंध रस्ताभर त्यांची नजर समोरच्या टॅक्सीच्या मागच्या काचेवर होती. काचेतून काकूंचा अंबाडा दिसत होता.

काकू बरेच दिवस इस्पितळात होत्या. मध्ये दोन दिवस असे आले की डॉक्टर आमच्याशी नीट बोलेनात. मालक कचेरीतून तडक तिथे जायचे, मोसंब्यांचा रस घेऊन स्टुलावर बसायचे. सांगायला त्यांच्याजवळ दुसरं काही नसावं. "ऐकलं का, आज प्लग साफ केले," असं काहीतरी सांगायचे आणि मग पहिल्यांदाच, काकूंनी ऐकलंय का याची वाट बघत थांबायचे.

ताप उतरला. घरी सोडलं त्या दिवशी मी सोबत गेलो होतो. खाटेवरून उठलेल्या काकू पाहिल्या आणि मला क्षणभर वाटलं, मालक चुकून दुसऱ्याच बाईला घेऊन निघालेत. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बाहेर गाडी उभी होती. काकूंनी या वेळी टॅक्सी मागितली नाही.

"बसते," त्या म्हणाल्या. "आता काय, निम्मी मी इथेच राहिलेय."

त्या मागे डावीकडे बसल्या, त्यांना धरायला मी शेजारी. मालक अगदी हळू चालवत होते. गल्लीच्या तोंडाशी मोरी आली. सवयीनं त्यांनी वेग आणखी कमी केला, खांदे वर घेतले, मान आत ओढली. मीही कान टवकारले. गाडी उंचवट्यावर चढली आणि उतरली. काहीही आवाज झाला नाही.

मालकांनी गाडी थांबवली. उतरले, फिरून डाव्या बाजूला आले आणि चाकाशी उकिडवे बसले. मी खिडकीतून वाकून बघितलं. त्यांनी टायर आणि दुमडीच्या मधे बोटं घातली. एक बोट गेलं, मग दुसरंही गेलं, गाडी रिकामी असावी तसं. बोटं तशीच आत ठेवून ते बसून राहिले. दोन वर्षं मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, कधीतरी ही गाडी घासायची थांबली तर त्यांना "शाब्बास, मालक" म्हणायचं म्हणून. ते मी सोडून दिलं.

"घासली का?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही गं," मालक खालून म्हणाले.

"मग चला की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जायला निघालो, तर मालक अंगणात पोतं अंथरून बसलेले. रविवार नव्हता. अंगात कचेरीचा शर्ट तसाच होता, हातात पत्रा कापायची कात्री. व्हरांड्यात आरामखुर्चीत काकू शालीत गुंडाळून पेज पीत होत्या. मालक मागच्या डाव्या मडगार्डाखाली मान घालून दुमडीवर खडूनं खुणा करत होते.

"अहो मालक," मी म्हटलं, "आता कशाला कापताय? आता तर घासत नाही."

त्यांनी मान बाहेर काढली. डोळे लाल होते. "घासत नाही म्हणूनच ना, वरचे," ते म्हणाले. "ती काय अशीच वाळलेली राहणार आहे?" आणि ते रडायला लागले. माझ्यासमोर, गेटाशी टोपली उतरवत असलेल्या कोळणीसमोर, कात्री हातात धरून पन्नाशीचा माणूस हुंदके देत होता. कोळीणबाईनं तोंड दुसरीकडे वळवलं. मी जेवणाचा डबा हातात धरून तिथेच उभा राहिलो.

काकूंनी पेजेचा वाडगा कठड्यावर ठेवला. "किती कापताय?" त्यांनी विचारलं.

मालकांनी बाहीनं नाक पुसलं. "दोन बोटं. दुमड जाईल सगळी."

"तीन कापा."

"दुमड दोनच बोटं आहे गं."

"मग एक बोट मडगार्डातलं घ्या," काकू म्हणाल्या. "मी आता चांगली खाणार आहे."

मालकांनी खडू उचलला आणि तिसऱ्या बोटावर रेघ मारली.